शेवटचा किलोमीटर हवेतून: जालन्याच्या गावांसाठी रेडिओ आणि अँटेना

ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबरची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, पुढे ते भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात बीएसएनएलने आणि दुसऱ्यात राज्याच्या महाआयटीने महानेट या नावाने महाराष्ट्रात काम केलं. जालना जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत आता खरा प्रश्न कार्यालयाच्या पुढचा आहे. शाळा कार्यालयापासून अर्ध्या किलोमीटरवर, पोरांची अभ्यासिका दुसऱ्याच गल्लीत, एखादी वस्ती ओढ्यापलीकडे आणि शेतातली घरं दोन-दोन किलोमीटर लांब. तिथवर तार पुरायची तर चर खणावा लागतो, आणि पाणंदीचं किंवा पाइपलाइनचं काम निघालं की जेसीबीच्या पहिल्याच फटक्यात ती तुटते. म्हणून शेवटचा टप्पा हवेतून न्यायचा ठरतो. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या गच्चीवर किंवा जीआय पाइपच्या खांबावर एक पांढरी पेटी बसते. काही पेट्या वर्षानुवर्षं नीट चालतात, काही पहिला पावसाळाही काढत नाहीत.

या पेट्यांचा सगळा प्रश्न इथे एकत्र पाहायचा आहे: रेडिओ, अँटेना, त्यांना जोडणारी केबल, जिल्ह्याची जमीन, कायदा, वीज आणि देखभाल. माझं मत आधीच सांगतो. खरेदीच्या वेळी रेडिओ किती वॅटचा यावर जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मी चर्चा जरी अँटेना कोणता, किती उंचीवर आणि कोणत्या तोंडाने लावायचा यावर झाली, तरी आज बंद दिसणाऱ्या पुष्कळ पेट्या चालू दिसल्या असत्या.

रेघा दिसतात, पान उघडत नाही

गावात ऐकू येणारी सर्वांत नेहमीची तक्रार हीच. फोनवर वाय-फायच्या दोन-तीन रेघा आहेत, जोडणीही झाली आहे, पण फॉर्म भरायला बसलं की चक्र फिरतच राहतं. दोष नेटचा आहे असं समजून लोक उठून जातात. बहुतेक वेळा खरं कारण दुसरं असतं. टाकीवरच्या पेटीचं फोनला ऐकू येतं, फोनचं मात्र पेटीला ऐकू येत नाही. फोनवरच्या रेघा फक्त पेटीचा आवाज मोजतात, परतीच्या वाटेबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

हिशेब करून पाहू. डेसिबलचं गणित सोपं आहे: तीन वाढले की ताकद दुप्पट, दहा वाढले की दहापट. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत अँटेनातून बाहेर पडणारी ताकद जास्तीत जास्त ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) ठेवता येते. पाचशे मीटर मोकळ्या हवेत ९४ डेसिबल खर्च होतात. एखादं कडुनिंबाचं झाड आणि एक भिंत मध्ये आली तर आणखी अठरा-वीस धरा. फोनपर्यंत उणे ७८च्या आसपास काहीतरी पोहोचतं, आणि तेवढ्यावर रेघा दिसतात. आता परतीची वाट. फोनचा रेडिओ साधारण १५ डीबीएमचा, म्हणजे ३० मिलिवॅटच्या आसपास. त्याचा अँटेना बोटाएवढा, हाताने झाकलेला. पेटीवर ५ डीबीआयची (डीबीआय म्हणजे अँटेनामुळे मिळणारे डेसिबल) अँटेनाची छोटी काठी असेल तर फोनचा आवाज तिच्यापाशी उणे ९४-९५ ला पोहोचतो. सर्वांत हळू वेगाची जोडणीसुद्धा तिथे टिकत नाही. काठीच्या जागी १५ डीबीआयचा अँटेना लावला, तर तोच आवाज दहा डेसिबलने चढून उणे ८४-८५ होतो आणि पान उघडतं.

अँटेना बोलतो तसाच ऐकतोही, आणि दोन्ही वेळा तेवढाच फायदा देतो. बाजारात ‘बूस्टर’ म्हणून मिळणारा ॲम्प्लिफायर किंवा जास्त वॅटचा रेडिओ बोलण्याची बाजू फुगवतो, पण फोनचा आवाज त्याने तसूभरही वाढत नाही. कायद्याची मर्यादा लक्षात घेतली तर हे आणखी ठळक होतं. मर्यादा रेडिओ आणि अँटेना मिळून बाहेर पडणाऱ्या ताकदीवर आहे. १६ डीबीआयचा सेक्टर अँटेना, म्हणजे एकाच बाजूला पसरणारा, लावला की रेडिओ २० डीबीएमवर, म्हणजे शंभर मिलिवॅटवर आणावा लागतो. गाव ऐकतं तेवढेच ४ वॅट, पण पेटीचे कान मात्र सोळा डेसिबलने तिखट झालेले असतात. एक वॅटचा महाग रेडिओ आणि मोठा अँटेना एकत्र लावून रेडिओ पूर्ण ताकदीवर चालवणं नियमात बसत नाही आणि फोनच्या बाजूने उपयोगाचंही नाही.

कामं दोन, त्यामुळे अँटेनेही दोन जातींचे

बाहेरच्या वाय-फायकडून दोन वेगळी कामं मागितली जातात आणि ती एकाच पेटीवर लादली की घोटाळा होतो. पहिलं काम पार, शाळेचं मैदान, बसथांबा, मोंढा अशा मोकळ्या जागेत लोकांच्या हातातल्या फोनला जोडणी देण्याचं. दुसरं काम एका छतावरून दुसऱ्या छतावर नेट पोहोचवण्याचं.

मराठवाड्यातली घरं पाहिली की हा फरक का महत्त्वाचा ते कळतं. जुनी धाब्याची घरं मातीच्या जाड भिंतींची, नवी पुष्कळशी पत्र्याची. पत्र्यातून रेडिओलहर आत जातच नाही असं धरून चालावं, आणि मातीच्या जाड भिंतीत ती जवळजवळ विरते. टाकीवरची पेटी घराघरात थेट नेट देईल असं आश्वासन देणारा माणूस एक तर अननुभवी असतो किंवा घाईत असतो. घरात नेट हवं असेल तर त्या घराच्या छतावर छोटा, दिशेचा अँटेना असलेला रेडिओ लावायचा, त्याची केबल आत घ्यायची आणि आत साधा राउटर ठेवायचा. टीव्हीची छत्री लावतात तसंच हे काम आहे. फक्त तोंड आकाशाऐवजी गावच्या टाकीकडे.

मोकळ्या जागेसाठी अँटेना निवडताना पहिलं बोट जातं ते उभ्या काठीसारख्या ओम्नी अँटेनाकडे. चहूबाजूंना समान पसरतो, एकच लावला की झालं, असा समज. पण ओम्नीत डेसिबल कुठून येतात ते पाहायला हवं. अँटेना स्वतः ताकद निर्माण करत नाही, वर आणि खाली जाणारी लहर दाबून तो ती आडवी पसरवतो. ८ डीबीआयच्या काठीचा उभा पट्टा साधारण १५ अंशांचा, १२ डीबीआयच्या काठीचा जेमतेम सहा-सात अंशांचा. वीस मीटर उंच टाकीवर १२ डीबीआयची काठी सरळ उभी केली, तर तिचा मुख्य झोत टाकीपासून तीनशे मीटरच्या पुढे जमिनीला टेकतो. टाकीखालची शाळा, अंगणवाडी, पार या सगळ्यांच्या डोक्यावरून तो निघून जातो. डेसिबलचा आकडा मोठा म्हणून महाग काठी आणली आणि जवळच्यांचंच नेट गेलं, हे अशा वेळी घडतं. त्याच टाकीवर ८ डीबीआयची काठी दीडशे मीटरपासून पुढे काम करते.

माझा कल सेक्टर अँटेनाकडे आहे आणि त्याला गावांच्या रचनेचं कारण आहे. पाण्याची टाकी बहुधा गावठाणाच्या कडेला, थोड्या उंचवट्यावर असते. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शेतं. अशा ठिकाणी ओम्नी लावला तर अर्ध्याहून अधिक लहर तुरीच्या आणि कपाशीच्या पिकावर जाते. ९० किंवा १२० अंशांचा एकच सेक्टर गावाकडे तोंड करून लावला की पुरतो. तो थोडा खाली झुकवायला मात्र विसरता कामा नये. टाकी वीस मीटरची आणि गावठाणाचा मध्य तीनशे मीटरवर असेल तर झुकाव चार अंशांच्या आसपास हवा. अँटेनाच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात. बसवणारा माणूस त्याकडे न बघता नट आवळून खाली उतरतो आणि पुढची दोन वर्षं गाव रेंजला नावं ठेवत राहतं. सेक्टरचा आणखी एक गुण आहे: पाठीमागचं तो फारसं ऐकत नाही. जालना शहराजवळच्या, औद्योगिक वसाहतीच्या भोवतालच्या गावांत उंचावर ठेवलेला ओम्नी शहरातल्या शेकडो राउटरांचा गोंगाट गोळा करतो. शहराकडे पाठ केलेला सेक्टर त्यातून सुटतो.

गर्दीच्या जागेचा नियम याच्या उलटा आहे. भोकरदन तालुक्यातल्या राजूरला अंगारकी चतुर्थीला लोटणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. तिथे उंचावरचा जबर अँटेना लावणं चुकीचं. एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि दूरवरचा, हळू वेगाने जोडलेला फोन सगळ्यांचा वेळ खातो. माणसाचं शरीर पाण्याचं, त्यामुळे दाट गर्दी स्वतःच लहर शोषते. अशा ठिकाणी कमी उंचीवर, खाली तोंड केलेले, कमी ताकदीचे बरेच अँटेने हवेत. प्रत्येकाचा टापू लहान, वाहिन्या वेगवेगळ्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. म्हणून गर्दीचा भार ५ गिगाहर्ट्झवर टाकावा लागतो.

रेडिओचं काय

रेडिओ दोन प्रकारांत येतात. एकात अँटेना पेटीच्या आतच असतो, दुसऱ्यात बाहेर जोडण्यासाठी तोंडं दिलेली असतात. सिस्कोच्या १५६२ नमुन्यांत हा फरक शेवटच्या अक्षरावरून कळतो, आय म्हणजे आतला आणि ई म्हणजे बाहेरचा. युबिक्विटीचे रॉकेट आणि बुलेट, मायक्रोटिकचा मेटल, कॅम्बियमच्या ईपीएमपीचे काही नमुने हे बाहेरच्या अँटेनाचे. एचएफसीएलसारखी भारतीय कंपनीही ‘आयओ’ या नावाने बाहेरचे ॲक्सेस पॉइंट बनवते. शाळेच्या अंगणासाठी, पंचायतीच्या ओट्यासाठी आतल्या अँटेनाची पेटी पुरते आणि तीच घ्यावी, कारण तिच्यात गळायला जोड कमी असतात. बाहेरचा अँटेना हवा तो टाकी, डोंगर, लांबट गाव किंवा विचित्र कोनातला बाजार असेल तेव्हा. म्हणजे टापूचा आकार पेटीच्या ठरावीक आकारात बसत नाही तेव्हा.

आताच्या बहुतेक रेडिओंत दोन साखळ्या असतात, म्हणजे एकाच वेळी दोन प्रवाह. त्यांना दोन अँटेने किंवा एका कवचात दोन ध्रुवणांचा अँटेना लागतो, एक आडवा आणि एक उभा, किंवा दोन्ही ४५ अंशांत तिरके. दोन तोंडांच्या रेडिओला एकच काठी लावून दुसरं तोंड टोपण घालून सोडलेलं मी पाहिलं आहे. काम चालतं, पण वेग निम्मा होतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पिढ्यांचा मुद्दाही इथेच येतो. ८०२.११एन दोन्ही पट्ट्यांत चालतं, ८०२.११एसी फक्त ५ गिगाहर्ट्झमध्ये, आणि वाय-फाय ६ म्हणजे ८०२.११एएक्स पुन्हा दोन्हींत. गावात अजून स्वस्त फोन पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही फक्त २.४ वाले. त्यामुळे मोकळ्या जागेसाठी २.४ची पट्टी सोडून चालणार नाही. छतावरून छतावर न्यायच्या दुव्यासाठी मात्र ५ गिगाहर्ट्झच हवं.

लांबच्या दुव्यात आणखी एक अडचण असते. साधं वाय-फाय घरातल्या अंतरासाठी रचलेलं आहे. पाठवल्यानंतर ‘मिळालं’ असं उत्तर ठरावीक वेळात आलं नाही तर ते पुन्हा पाठवतं. दहा किलोमीटर जायला लहरीला ३३ मायक्रोसेकंद लागतात, परत यायला तेवढेच. वाय-फायचा वेळेचा एक खण मात्र फक्त ९ मायक्रोसेकंदांचा. रेडिओला अंतर सांगितलं नाही, तर उत्तर वाटेतच असताना तो पुन्हा ओरडायला लागतो. शिवाय एकाच टाकीशी जोडलेली दोन गावं एकमेकांना ऐकू शकत नाहीत आणि एकाच वेळी बोलतात. म्हणून अशा रेडिओंच्या कंपन्यांनी पाळी लावून देणाऱ्या स्वतःच्या पद्धती काढल्या. युबिक्विटीची एअरमॅक्स, मायक्रोटिकची एनव्ही२ या त्यांतल्याच. त्यांची किंमत अशी की एका कंपनीचा रेडिओ दुसरीच्या रेडिओशी या पद्धतीत बोलत नाही. स्थानिक नेटवाला एकदा जी कंपनी धरतो, तिच्यातच पुढची कित्येक वर्षं अडकून राहतो.

एका जोडावर सगळं

पहिल्या मोठ्या पावसानंतर बंद पडलेली पेटी खाली उतरवा आणि अँटेनाकडे जाणारा जोड उघडा. वरची चिकटपट्टी उन्हाने कडक होऊन सालपटासारखी सुटलेली असते. एन-टाइपचं नट हाताने फिरतं, पान्याने कधी आवळलेलंच नसतं. आतली पितळी पिन काळपट, तांब्याच्या जाळीवर हिरवी बुरशी, आणि केबल तिरकी केली की दोन थेंब पाणी. केबलला खाली झोळ दिलेला नव्हता, त्यामुळे तिच्यावरून ओघळलेलं पाणी थेट जोडात शिरलं. पावसाला दोष दिला जातो, पण पाच-सहा गिगाहर्ट्झला पावसाची झड फारशी जाणवत नाही, ढगफुटीसारख्या सरीतही किलोमीटरमागे एखाद्या डेसिबलच्या आसपास. दुवा तुटतो तो या दोन थेंबांनी. उपाय कमी खर्चाचा आहे: जोड पान्याने आवळायचा, त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ओढून गुंडाळायची, वरून उन्हाला टिकणारी टेप, आणि केबलला जोडाच्या खाली उतरणारा झोळ.

केबलच्या निवडीत तर कमावलेलं सगळं गमावता येतं. बाजारात सहज मिळणारी आरजी-५८ केबल २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे एक डेसिबलच्या आसपास खाते. रेडिओ खाली पंचायतीच्या खोलीत आणि अँटेना दहा मीटर वर, मध्ये ही केबल, म्हणजे दहातले नऊ भाग वाटेतच संपले. जाड एलएमआर-४०० केबल मीटरमागे ०.२२ डेसिबलवर भागवते, पण ५.८ गिगाहर्ट्झला तीही ०.३५ खाते. म्हणून रेडिओ वरच, अँटेनाच्या पाठीशी बसवायचा, मधली केबल हातभर ठेवायची, आणि खाली आणायची ती फक्त लॅन केबल, जिच्यातून वीजही वर जाते आणि जी शंभर मीटरपर्यंत चालते. आणखी एक बारीक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी. एसएमए आणि आरपी-एसएमए हे जोड दिसायला एकसारखे, आटेही एकमेकांवर बसतात, पण मधली पिन उलट्या बाजूला असते. चुकीची जोडी लावली तर नट पूर्ण आवळलं जातं आणि आत काहीच टेकत नाही.

डोंगर, ऊस आणि पोलाद

रेडिओच्या दृष्टीने जालना जिल्हा सगळीकडे एकसारखा नाही. उत्तरेला भोकरदन आणि जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगांचे फाटे येतात. दक्षिणेला अंबड, घनसावंगी, परतूर गोदावरीच्या खोऱ्याकडे सपाट उतरत जातात. डोंगरी भागात उंची फुकट मिळते, पण दोन गावांमध्ये टेकडी आडवी येते आणि मधल्या माथ्यावर एक खांब जास्त लागतो. सपाट भागात दृष्टी लांबवर जाते, पण दिसणं पुरेसं नसतं. लहर सरळ रेषेत जात असली तरी तिला भोवती फुगीर जागा लागते. दहा किलोमीटरच्या दुव्यावर ५.८ गिगाहर्ट्झसाठी मध्यावर या फुग्याची त्रिज्या ११ मीटरच्या वर आहे आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास सात मीटर, मोकळा हवा. त्यात पृथ्वीच्या गोलाईचा दीड मीटर मिळवा. मध्ये ऊस उभा असला तर त्याचे तीन मीटर. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात उन्हाळ्यात धडधाकट चाललेला दुवा पावसाळ्याच्या शेवटी अडखळू लागला, तर आकाशाकडे पाहण्याआधी उसाकडे पाहावं. निलगिरी आणि सुबाभूळ दोन-तीन वर्षांत वाढतात, त्यांचंही तेच.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळ्या ओढणाऱ्या मिलांचे मोठमोठे पत्र्याचे शेड आहेत. तिथे बाहेरच्या रेडिओचा उपयोग मुख्यतः वजनकाटा, मागचं फाटक आणि कॅमेरे मुख्य कार्यालयाशी जोडायला. चहूबाजूंचा पत्रा आणि लोखंडाचे ढीग यांमुळे एकच लहर दहा वाटांनी पोहोचते आणि स्वतःलाच कापते. इथे ओम्नी वापरूच नये. अरुंद झोताचा पॅनेल किंवा छोटी डिश, शेडच्या कळसापेक्षा वर.

लांब दुव्याचा हिशेब आशादायक आहे. दहा किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर सुमारे १२८ डेसिबल खर्च होतात. एका टोकाला कायद्याची ३६ डीबीएमची मर्यादा पाळून आणि दुसऱ्या टोकाला २५ डीबीआयची डिश ठेवून उणे ६७च्या आसपास मिळतं. चांगल्या वेगासाठी लागतं त्यापेक्षा आठ-दहा डेसिबल जास्त. अंबड किंवा परतूरसारख्या गावातून आजूबाजूच्या गावांना नेट देण्याइतकं हे पुरेसं आहे, आणि त्यासाठी नियम मोडायची गरज नाही.

इतरांनी काय शिकवलं

आपल्याला शून्यापासून शिकायची गरज नाही. आयआयटी कानपूरने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डिजिटल गँजेटिक प्लेन नावाच्या प्रयोगात साधे वाय-फाय रेडिओ आणि मोठ्या डिशा घेऊन कानपूर-लखनौ पट्ट्यात पस्तीस किलोमीटरहून लांब दुवे जोडले. त्या कामातले भास्करन रामन पुढे आयआयटी मुंबईत आले. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये ३८२ किलोमीटरचा वाय-फाय दुवा करून दाखवला, पण तो दोन पर्वतशिखरांमधला. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं की उंची आणि अँटेना असतील तर रेडिओ साधा चालतो.

आपल्या राज्यातला सर्वांत मोलाचा प्रयोग पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, खोडाळा परिसरात झाला. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ या नावाने टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या रिकाम्या पट्टीतून पाड्यांना नेट दिलं, पुढे ५.८ गिगाहर्ट्झचे दुवे वापरून पंचवीस गावांत काम नेलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या इक्वल रेटिंग स्पर्धेत त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. देशात या टीव्ही पट्टीतल्या पंधरा वाहिन्यांपैकी किमान बारा बहुतेक ठिकाणी मोकळ्या आहेत, हे याच संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं. या लांब लहरी झाडातून आणि टेकडीच्या कडेवरून वळून जातात. जाफराबादच्या डोंगरकडेच्या वस्त्यांना त्या वरदान ठरल्या असत्या. पण ही पट्टी परवानामुक्त झालेली नाही आणि मला ते आपल्या धोरणातलं मोठं उणं वाटतं.

तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या संशोधकांच्या मदतीने लांब पल्ल्याच्या वाय-फायने खेड्यातली तपासणी केंद्रं रुग्णालयाशी जोडली. खेड्यातला रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या गटाचा २००८ मधला निष्कर्ष जालन्याच्या प्रत्येक सरपंचाने वाचावा असा आहे: यंत्रं निकामी होण्यामागे रेडिओपेक्षा विजेचा वाईट दर्जा मोठं कारण होता. दाब एकदम चढतो, उतरतो, येतो-जातो.

वीज, दोन्ही अर्थांनी

बाहेरचा एक रेडिओ आठ-दहा वॅटच खातो. शंभर वॅटचं सौर पॅनेल आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी त्याला दोन ढगाळ दिवस सांभाळते. गावठाणच्या फीडरवरचे झटके रेडिओपर्यंत जाऊ नयेत म्हणून लाइट असली तरी रेडिओ बॅटरीवरूनच चालवावा आणि लाइट फक्त बॅटरी भरण्यापुरती ठेवावी. माझ्या मते प्रत्येक गावाच्या खर्चात अँटेनानंतरची दुसरी रक्कम याची असावी.

दुसरी वीज आकाशातली. मराठवाड्यात एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा पडतात, आणि गावातली सर्वांत उंच लोखंडी वस्तू आपण स्वतःच उभी केलेली असते. थेट कोसळलेल्या विजेतून रेडिओ वाचत नाही, पण आसपास पडलेल्या विजेच्या धक्क्यातून वाचवता येतो. अँटेनापेक्षा वर जाणारी तडितरोधक सळई, खांबाला मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उतरवलेलं स्वतंत्र अर्थिंग, आवरण असलेली लॅन केबल आणि तिच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर. खांबाचं अर्थिंग आणि खोलीतल्या यंत्राचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं, नाहीतर धक्का दोघांमधल्या लॅन केबलचीच वाट धरतो. गारपिटीचाही विचार हवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये जिल्ह्याने ती भोगली आहे. भरीव पत्र्याच्या डिशपेक्षा जाळीची डिश वारा आणि गार दोन्ही चांगली झेलते.

कायदा आणि पैसा

परवान्याशिवाय काय वापरता येतं हे ठरायला वेळ लागला. जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्टी घराबाहेरच्या वापराला मोकळी झाली: रेडिओ १ वॅट, अँटेनासह ४ वॅट, आणि अँटेना इमारतीच्या छतापासून पाच मीटरच्या आत. २००७ मध्ये ५.८२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झही तशीच खुली झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधल्या एकूण ६०५ मेगाहर्ट्झवरचा परवाना उठला, प्रत्येक तुकड्याला वेगळी मर्यादा ठेवून. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडला की बहुतेक नियम आपोआप पाळले जातात. दुसरा देश निवडून ताकद वाढवणारे बसवणारे अजून भेटतात. त्याने शेजारच्या गावाचा दुवा बिघडतो आणि त्यांनीही तेच केलं की पट्टी कुणाच्याच कामाची राहत नाही. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी जो मसुदा निघाला, त्यात घरातली कमी ताकद आणि बाहेर अतिशय कमी ताकद एवढीच मुभा होती. टाकीवरच्या अँटेनाला त्याचा उपयोग नाही. ६० गिगाहर्ट्झचे दुवे शहरात गच्चीवरून गच्चीवर चांगले, पण तिथे हवेतला प्राणवायूच किलोमीटरमागे पंधरा डेसिबल गिळतो.

लोकांना वाय-फाय विकण्याची वाट ९ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने सोपी केली. किराणा दुकानदार किंवा झेरॉक्सवाला परवान्याशिवाय सार्वजनिक डेटा कार्यालय चालवू शकतो. अडचण होती त्याला लागणाऱ्या जोडणीच्या भावाची. कंपन्या त्याला व्यापारी दर लावत. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने तो दर घरगुती दराच्या दुपटीपर्यंत बांधून दिला. आता खेड्यातल्या दुकानदाराचा हिशेब बसायला हरकत नाही. त्याच वेळी जिओसारख्या कंपन्या एअरफायबरखाली परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झचे रेडिओही वापरत आहेत. शहरी भागात या पट्टीतली दाटी वाढेल, आणि दिशेच्या अँटेनाची गरजही.

एखाद्या ग्रामपंचायतीने उद्या दरपत्रक मागवायचं ठरवलं, तर ‘बाहेरचा ॲक्सेस पॉइंट, १ नग’ एवढं लिहून थांबू नये. अँटेनाचा प्रकार, त्याचे डेसिबल, तोंडाची दिशा आणि झुकावाचे अंश लिहावेत. दोन्ही साखळ्या जोडलेल्या हव्यात, रेडिओ आणि अँटेनामधली केबल एक मीटरपेक्षा लांब नको, जोडावर रबरी टेप हवी, अर्थिंगचा खड्डा वेगळा हवा, बॅटरी हवी, हे सगळं कलमवार लिहावं. पैसे देण्याआधी गावाच्या चारही टोकांना साधा, स्वस्त फोन घेऊन उभं राहून फोनकडून पेटीकडे एखादा फोटो चढवून पाहण्याची अट घालावी, कारण रेघा तर सगळीकडेच दिसतील. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ठेकेदाराने वर चढून प्रत्येक जोड उघडून दाखवावा, असंही त्यातच नमूद करावं.